नेट जवळच्या घरी

आमच्या गृहनिर्माण संस्थेला जागा मी मिळवून दिली. हे मी म्हणत नाही. संस्थेनं तसा रीतसर ठराव केला, टाळ्या वाजवल्या आणि मला शाल आणि नारळ दिला. नारळाची चटणी केली. शाल कुठे कामाला आली ते शेवटी सांगते, कारण तिला काम मिळायला बरेच दिवस लागले.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, बदली होऊन बंगळूरला आलेला. बसवनगुडीत एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला. तो पुण्याचा, मी नागपूरची. घरात चुका काढणारं एक माणूस आणि मोठ्यानं बोलणारं एक, अशी आमची कामाची वाटणी होती. खाली घरमालकीण राहायची. तिला सगळा रस्ता अक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. पन्नाशी ओलांडलेली, नवरा वारलेला, मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. अंगावर साधी सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट का, ते पहिल्या दिवशी कळलं नाही.

अक्काचं घराणं मराठीच. पण ते किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते तिला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. सामान वर चढवताना तिनं खालून हाक मारली, "स्वल्प बघून चढा गं, वरची पायरी हलतंय." नवऱ्यानं वर येऊन दार लावलं आणि म्हणाला, "ही कुठली मराठी?" मी म्हटलं, तुमच्या आधी इथे आलेली. पुण्याच्या माणसाला आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाची मराठी ऐकली की घासात खडा लागल्यासारखं होतं. त्याला इलाज नाही.

घराला लागून एक मोठी कोपऱ्याची जागा रिकामी होती. बंगळूरला रिकाम्या प्लॉटला साइट म्हणतात. ही साइट एका डॉक्टरची, आणि डॉक्टर परदेशात. त्याच्या वडिलांनी फार पूर्वी अक्काच्या वडिलांना सांगून ठेवलं होतं की आम्ही बांधेपर्यंत तुम्ही खेळा. अक्काच्या वडिलांनी तेवढ्यावर जागा सपाट केली, माती दाबून घेतली, दोन खांब रोवले आणि बॉल बॅडमिंटनचं कोर्ट आखलं. महाराष्ट्रात हा खेळ फारसा कुणी पाहिलेला नसतो, म्हणून सांगते. यात पिसांचं फूल नसतं, पिवळ्या लोकरीचा घट्ट चेंडू असतो. रॅकेट जड. दोन्हीकडे पाच-पाच जण. खेळ उघड्यावर, कारण वारा सुटला तरी तो चेंडू फारसा भरकटत नाही. संध्याकाळी पुरुष खेळायचे आणि पहाटे बायका. बायकांची कप्तान अक्का.

त्या कोर्टाचा एक नियम होता. नेट ज्याचं घर सर्वात जवळ त्याच्या घरी राहायचं. त्या घरानं ते सगळ्यांच्या आधी नेऊन बांधायचं, पाऊस आला की धावत जाऊन सोडायचं, वाळवायचं, फाटलं की शिवायचं. जवळचं घर अर्थात अक्काचं. दुपारी ती पडवीत बसून जाड दोऱ्यानं नेटची भोकं भरायची, जशा बाकीच्या बायका गोधडी शिवतात.

मी कॉलेजात खो-खो खेळायचे. बरी खेळायचे. लग्नानंतर माझं धावणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधापर्यंत. एका सकाळी गॅलरीत केस विंचरत होते, खालून एक चेंडू उडून माझ्या पायाशी आला. मी तो परत फेकला, सरळ अक्काच्या हातात. तिनं वर बघितलं.

"हात चांगला आहे. उद्या ये. चप्पल नको, बूट पाहिजे."

"मला येत नाही हो, अक्का."

"येतंय की," ती म्हणाली आणि सर्व्हिस करायला वळली. माझा होकार तिनं गृहीतच धरला होता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचे बूट घालून गेले. महिन्याभरानं स्वतःचे घेतले. रॅकेट मात्र अक्कानं दिली, जुनी, आणि तिची तार बदलायला मला इथल्या, बंगळूरच्याच शिवाजीनगरला पाठवलं. तिथल्या बाजारात खेळाच्या दुकानांत दारापासून छतापर्यंत क्रिकेटच्या बॅटी टांगलेल्या. बॉल बॅडमिंटन म्हटल्यावर दुकानदार माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, जसं काही मी जात्याला टाकी लावून घ्यायला आलेय. शेवटी एका बोळात एक तार बदलणारा सापडला. त्यानं काही न विचारता रॅकेट घेतली. बसमधून परत येताना मी ती मांडीवर धरून बसले होते आणि मला, हे सांगायला लाज कसली, फार आनंद झाला होता.

पुढची पाच-सहा वर्षं माझा दिवस त्या कोर्टावर सुरू झाला. आमच्यात एक शाळेत शिकवणारी होती, एक फुलं विकणारी, एक बँकेतली. कुणाचा नवरा काय करतो हे मला त्यांतल्या निम्म्याजणींबाबत कधी कळलं नाही, आणि माझा काय करतो हे त्यांनी विचारलं नाही. महाराष्ट्रातून आलेल्या बायकांत हे असं राहणं अशक्य. तिथे ओळख व्हायच्या आधी नवऱ्याची ग्रेड विचारतात.

नवऱ्याला माझा खेळ विनोदी वाटायचा. "लोकरीच्या चेंडूनं? मग विणकामच का नाही करत?" हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा आणि प्रत्येक पाहुणा हसायचा. त्याचा आणि त्याच्या मित्रांचा खेळ म्हणजे टीव्हीवरचं क्रिकेट. सोफ्यावर पोट मांडीवर ठेवून बसायचं आणि जो तिकडे उन्हात धावतोय त्याला मूर्ख म्हणायचं. इथलं आमचं मराठी मंडळ वर्षातून एकदा क्रीडा-दिन करायचं. त्यात पुरुषांना कॅरम आणि बायकांना संगीत खुर्ची नाहीतर लिंबू-चमचा. मी एकदा लिंबू-चमच्यात पळाले तर एका काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यात पळायचं नसतं.

मला एकच हवं होतं. नवऱ्यानं एकदा, फक्त एकदा, खाली उतरून मला खेळताना बघावं. गॅलरीतून दिसायचं, पण तेव्हा तो झोपलेला असायचा. मी सांगितलं, आठवण केली, भांडून पाहिलं. "येईन गं, कुठे पळून चाललंय तुझं कोर्ट," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आता संस्थेचं. त्याच्या कारखान्यातल्या आणि ओळखीच्या मराठी कुटुंबांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढली होती. उद्देश एकच, 'आपली माणसं एकत्र राहतील'. मराठी माणूस परगावी गेला की आधी आपली माणसं शोधतो आणि मग जन्मभर त्यांना नावं ठेवतो. त्यासाठी ती जवळ राहणं सोयीचं पडतं. संस्थेचे अध्यक्ष नवऱ्याचे वरिष्ठ, तेही पुण्याचे. दर रविवारी एक मेटाडोर ठरवायची, बटाटेवडे बांधून घ्यायचे, थर्मासमध्ये घरचा चहा, कारण इथल्या हॉटेलातला चहा अध्यक्षांना चालत नसे, आणि निघायचं साइट बघायला. बरोबर मोजायची टेप आणि एक होकायंत्र. वास्तुशास्त्राची साथ तेव्हा शहरभर पसरली होती. सगळे इंजिनिअर, काही जण तर यंत्रांची गणितं करणारे, आणि प्लॉटवर पाय ठेवल्याबरोबर होकायंत्र काढून ईशान्य शोधायचे.

अध्यक्षांची बायको प्रत्येक साइटजवळच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घरी न्यायची आणि त्यात तुरीची डाळ शिजवून बघायची. डाळ दडस राहिली की जागा नापास. अशा कितीतरी जागा डाळीवर गेल्या. एक जागा शेजारी उदबत्तीचा कारखाना म्हणून गेली, एक रिक्षावाला उर्मटपणे बोलला म्हणून. होसूर रोडला बोम्मसंद्राच्या बाजूला एक छान, सलग जागा होती. डाळही शिजली. पण तिथून परतताना अध्यक्ष म्हणाले, "कारखान्यांच्या भोंग्यात कोण राहायला जाणार?" मेटाडोरमधल्या सगळ्यांचा पगार भोंग्यावर चाललेला होता, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. दरवेळी वृत्तांत लिहिला जायचा, सूचक, अनुमोदक सगळं. तेवढ्या काळात ज्यांना मराठी वृत्तांत लिहिता येत नव्हता अशा लोकांनी त्या जागा घेऊन, घरं बांधून, दारात कढीपत्ताही लावला.

मी एकदा म्हटलं की अक्कालाही संस्थेत विचारा, तिलाही सोबत होईल. अध्यक्ष जरा अवघडले. "वहिनी, त्या तशा आपल्यातल्या नाहीत ना."

"मराठी आहेत."

"हो, म्हणजे..." त्यांनी हात हवेत हलवला. त्या हलवण्यात अक्काच्या सगळ्या पिढ्या गेल्या.

इकडे शहर बदलत चाललं होतं आणि आमची माणसं त्यावर नाक मुरडत होती, जशी काही ती स्वतः विजयनगरच्या काळापासून इथे होती. आमच्या रस्त्यावरची बैठी घरं एकेक करून पडायला लागली. पुढे बाग, मागे विहीर आणि नारळ, असं घर पाडायचं आणि तिथे ग्रॅनाइट लावलेली तीन मजली पेटी उभी करायची. खालच्या मजल्यावर मालक, वरती पेइंग गेस्ट मुलं. पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरवाल्या पोरांची रीघ लागली होती. त्यांतलाच एक मुंबईचा सॉफ्टवेअरवाला आमच्या संस्थेत सभासद झाला. वय पंचविशीचं, मोटरसायकल मोठी. तो मला म्हणाला होता, "ॲक्च्युअली वहिनी, इथलं वेदर बेस्ट आहे, पण लोक फार स्लो आहेत." हे तो अक्काच्या पडवीत बसून, अक्कानं केलेली कॉफी पीत म्हणाला. अक्का आत-बाहेर करत होती. तिनं त्याला आणखी एक पेला दिला.

त्या वर्षी नोव्हेंबरात, कर्नाटक राज्योत्सवाच्या सुट्टीला आमच्या कोर्टावर बायकांचा अंतिम सामना होता. भोवतालच्या भागातले संघ आले होते. लाल-पिवळ्या पताका लावल्या, शामियान्याच्या खुर्च्या आणल्या, अक्कानं पातेलंभर कॉफी केली. मी आदल्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, "उद्या आला नाहीत तर पुन्हा कधीच बोलावणार नाही." तो म्हणाला, येतो. आणि आला. नुसता आला नाही, तर अध्यक्षांना, त्यांच्या बायकोला आणि त्या सॉफ्टवेअरवाल्याला घेऊन आला. रविवारऐवजी सुट्टीच्या दिवशी ते कुठलीशी साइट बघायला निघाले होते, वाटेत इथे थांबले. पहिल्या रांगेत बसले. मी कोर्टावरून बघितलं आणि माझं काळीज सुपाएवढं झालं. इतकी वर्षं ज्यासाठी डोकं फोडलं ते झालं होतं.

सामना चुरशीचा झाला. निर्णायक डावात बरोबरी होती. समोरच्या संघातल्या एका उंच बाईनं चेंडू माझ्या डोक्यावरून मागे टाकला. मी वळले, खो-खोत खांबाला वळतात तशी, धावत गेले आणि पाठमोऱ्या स्थितीतच तो उचलून नेटपलीकडे टाकला. चेंडू रेषेच्या आत पडला. आयुष्यात तसा फटका मला पूर्वी जमला नव्हता आणि नंतरही नाही. लोक उभे राहिले. शाळामास्तरीण किंचाळली. मी पहिल्या रांगेकडे बघितलं.

खुर्च्या रिकाम्या होत्या.

नवरा कोर्टाच्या पलीकडच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातात टेपचं एक टोक होतं. दुसरं टोक घेऊन सॉफ्टवेअरवाला कुंपणाच्या कडेनं मागे मागे चालला होता. अध्यक्ष तळहातावर होकायंत्र धरून स्वतःभोवती सावकाश फिरत होते. त्यांची बायको अक्काच्या विहिरीवर बाटली भरत होती. टेप मोजता मोजता कोर्टाच्या रेषेवर आली तेव्हा पंचांनी शिट्टी वाजवली आणि त्यांना हातानं बाजूला व्हायला सांगितलं. नवऱ्यानं मान वर केली, मला बघितलं, आणि हसून अंगठा दाखवला.

सामना आम्ही जिंकलो. कसा, ते मला नंतर अक्काला विचारावं लागलं.

बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा डबा घेऊन मी घरी आले तर नवरा खुशीत येरझाऱ्या घालत होता. "अगं, नाकासमोर होती आणि आम्ही गावभर हिंडत होतो! कोपऱ्याची, दोन्हीकडून रस्ता. आणि तुझं कोर्ट अगदी दक्षिणोत्तर आखलंय. अध्यक्ष तर म्हणाले, हा शुभसंकेत आहे."

"खेळताना ऊन डोळ्यांत येऊ नये म्हणून कोर्ट दक्षिणोत्तर आखतात," मी म्हटलं.

"असेल. मोजायलाही बरं पडलं, रेषा मारलेल्याच होत्या."

"तुम्ही माझा खेळ बघायला आला होतात."

"बघितला की. जिंकलात ना?"

मी डबा ओट्यावर आपटला. त्याला वाटलं, दमले.

डॉक्टरचा फोन नंबर त्यांना अक्कानंच दिला होता. कॉफी देताना अध्यक्षांनी विचारलं, ही जागा कुणाची, आणि तिनं आत जाऊन नंबर आणून दिला. मी संध्याकाळी खाली गेले. ती नेट घडी करत होती.

"का दिलात, अक्का?"

"विचारलं की सांगायचं. जागा त्यांची. बांधेपर्यंत खेळा म्हटलं होतं, तेवढं खेळलो."

"माझा नवरा बांधणार आहे ना पण!"

"सरी," अक्का म्हणाली, म्हणजे असू दे. "अनोळखी तरी नाही." आणि नेटचं एक टोक धरायला माझ्या हातात दिलं.

डॉक्टरला परत यायचंच नव्हतं. त्या विहिरीच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजली. जी संस्था इतकी वर्षं एका जागेवर एकमत करू शकली नाही, तिचं आता तासाभरात एकमत झालं. सभा अध्यक्षांच्या दिवाणखान्यात होती. सभासद सगळे नवरे. बायकांना पोहे द्यायला आणि ऐकायला परवानगी होती. मी पोह्यांची ताटली खाली ठेवली आणि उभी राहूनच बोलले. म्हटलं, ही जागा घेऊ नका. शहरात जागा पुष्कळ आहेत, तुम्हीच बघितल्यात. इथे रोज पहाटे बायका खेळतात, संध्याकाळी माणसं खेळतात, त्यांना दुसरी जागा नाही. मलाही नाही. बोलताना माझा आवाज फुटला आणि त्याचाच मला सगळ्यात राग आला.

नवरा पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता. मग अध्यक्ष फार गोड हसले. "वहिनींच्या भावनांचा आपण आदर करतो. सूचना नोंदवून घेऊ." आणि नोंदवून घेतली. आमच्या लोकांत एखाद्या गोष्टीचा गळा दाबायचा असेल तर ती नोंदवून घेतात. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "वहिनी, टेन्शन नका घेऊ. टेरेसवर शटलचं कोर्ट करू, एकदम प्रोफेशनल." पुढे गच्चीवर पाण्याची टाकी आली, तिच्याशेजारी टीव्हीच्या थाळ्या आल्या आणि उरलेल्या जागेत अध्यक्षांच्या बायकोचे पापड. त्याच सभेत माझ्या अभिनंदनाचा ठरावही झाला. सूचक, माझा नवरा.

रात्रभर मी त्याच्याशी बोलले नाही. सकाळी तो म्हणाला, "अगं, तुला मान दिला तर तू रुसतेस." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं माझ्यासाठी काहीतरी केलं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. याच्याशी काय भांडणार?

भूमिपूजन कोर्टावर झालं. चुन्याच्या रेषा अजून पुसट दिसत होत्या. मला पुढे बोलावलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी कुठे उभी आहे ते बघितलं तर नेमकी माझी सर्व्हिस करायची जागा. टाळ्या पडल्या. कुंपणाशी आमचा सगळा संघ उभा होता, फुलंवालीसुद्धा. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सामना जिंकल्याचा सत्कार आहे.

मग खड्डे, लोखंड, सिमेंट. खांब उपटून कुणीतरी भंगारात नेले. संघ पांगला. बँकेतली योगाच्या वर्गाला जाऊ लागली. शाळामास्तरीण म्हणाली की आता चालते, पण ती चालताना मला कधी दिसली नाही. फुलंवाली तेव्हापासून अर्धा तास आधी दुकान मांडते. अक्काच्या बागेवर सकाळचं ऊन येईनासं झालं आणि तिची जाई वाळली. भिंत चढत गेली तशी मी वरच्या मजल्याच्या गॅलरीतून रोज बघत होते. नवराही आता लवकर उठून गॅलरीत यायचा. काम कुठपर्यंत आलं ते बघायला.

इमारत पुरी झाली. आम्हाला तळमजल्याचा फ्लॅट मिळाला, बरोबर कोर्टावर. वास्तुशांतीला सगळी आपली माणसं जमली. कुणी भिंतीवरचं घड्याळ आणलं, कुणी तसंच दुसरं घड्याळ. अक्का जेवणाच्या वेळी आली. दाराबाहेर तिनं कॅनव्हासचे बूट काढले. त्यांचा पांढरा रंग नुकताच लावलेला होता, जरी ते घालून जायला आता कुठे जागा नव्हती. काखेत एक गुंडाळी होती.

"मच्छरदाणी वाटतं?" अध्यक्षांची बायको म्हणाली.

नेट होतं. धुतलेलं, वाळवलेलं, एकूण एक भोक भरलेलं. कडेच्या दोऱ्या नव्या घातलेल्या. अक्कानं ते माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं.

"हे आता तुझ्याकडं ठेव. जवळचं घर तुझं."

"अक्का, कोर्ट कुठाय आता?"

तिनं पायानं फरशीवर टकटक केलं. "हितं की."

टोमणा असता तर मी परतवला असता. टोमणे परतवायला मला शिकवावं लागत नाही. पुण्याच्या घरात दिलेली मुलगी आहे मी. पण ती टोमणा मारत नव्हती. ती नियम पाळत होती. नेट जवळच्या घरी राहतं, आणि त्या दिवसापासून तिचं घर जवळचं नव्हतं. मला सगळ्यांसमोर रडू आलं. आपली माणसं म्हणाली, घर झालं की असं होतं, भरून येतं.

अक्का जेवून गेली. जाताना तिनं हॉलमध्ये मध्यावर जरा थांबून उजवीकडे-डावीकडे बघितलं, बहुतेक आपली जागा कुठली ते. मग बूट घालून निघाली.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "ते जाळं माळ्यावर टाक, पडू दे." मी टाकलं नाही. कपाटातून ती शाल काढली, नेट तिच्यात गुंडाळलं आणि हॉलमधल्याच कपाटात ठेवलं. शालीला मिळालेलं ते पहिलं काम.

दरवर्षी पावसाळ्याआधी मी ते काढते, गच्चीवर नेऊन टाकीच्या पाइपाला बांधून ऊन देते आणि कुठे उसवलं असेल तर शिवते. जवळच्या घराचं ते कामच आहे. खाली पडवीत अक्का बसलेली दिसते. ती वर बघते आणि एखादी बाजू सैल असली तर हातानं खूण करते, ओढ. मी ओढते. एकदा अध्यक्ष पापड बघायला वर आले आणि म्हणाले, "वहिनी, गच्ची सामायिक आहे. असं काही लावायचं तर कमिटीत विषय घ्यावा लागेल."

म्हटलं, घ्या की. नोंदवून घ्या.